बटूचा गोटा आणि माळव्याचं ऊन

रंगपंचमी झाली की माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. पहिली, ज्यांच्या मोबाइलात रंगाचं पाणी गेलंय. त्यांना मी शेजारच्या मोबाइलवाल्याकडे पाठवते. दुसरी, पेनड्राइव्ह घेऊन येणारी. गेरचे तीनशे-चारशे फोटो, सगळे पांढरेफटक, आणि मागणी एकच: "दीदी, इसको थोड़ा डार्क कर दो." मराठी घरातलं कुणी असेल तर, "काकू, हे जरा काळं करून द्या."

यंदा या दुसऱ्या रांगेत आमचे भाचेबुवाही होते.

इंदूरबाहेरच्यांना गेर माहीत नसते म्हणून थोडं सांगते. होळीनंतर पाचव्या दिवशी शहराच्या निरनिराळ्या भागांतून मिरवणुका निघतात आणि होळकरांच्या राजवाड्यापाशी येतात. पाण्याचे टँकर, गुलाल उडवणारी यंत्रं, डीजे, गच्च्यांवर माणसं, रस्त्यावर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. सकाळी सुरू होते आणि ऐन उन्हात रंगते. फोटोग्राफीला लागणारं सगळं तिथे असतं, आणि फोटोग्राफीचं वाटोळं करणारंही सगळं असतं. डोक्यावर ऊन, अंगात पांढरे कुडते, हवेत लाल-गुलाबी धूळ, आणि मागे राजवाडा, ज्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. उजळातलं उजळ आणि काळ्यातलं काळं एकाच चौकटीत.

भाच्याने जानेवारीत सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, सोबत ५० एमएमची एफ/१.८ लेन्स. पहिली लेन्स म्हणून सगळे हीच घेतात, आणि बरोबरच घेतात. गेरहून आला तो कानात गुलाल, भुवया हिरव्या आणि चेहरा पडलेला.

"आत्या, कॅमेऱ्याचं मीटर गेलंय. फसवलं मला त्या माणसाने."

"पोहे खा आधी," म्हटलं, "आणि कार्ड दे."

मी नऊ वर्षं कलर लॅबमध्ये निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं काम केलं, आणि मग हे दुकान टाकलं. पासपोर्ट फोटो, प्रिंट, लॅमिनेशन. इतक्या वर्षांत एक सवय लागलीय: फोटो बघायच्या आधी त्याची माहिती बघायची. डिजिटलमध्ये ती प्रत्येक फोटोबरोबर आपोआप येते. आयएसओ (उजेड टिपण्याची ताकद) किती, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) किती, शटर (उजेड आत येतो तो वेळ, सेकंदात) किती. डॉक्टर जसा आधी रिपोर्ट बघतो, मग पेशंटकडे.

पहिला फोटो: आयएसओ ४००, एफ/१.८, शटर १/४०००. दुसरा: १/४०००. दहावा: १/४०००. शंभरावा: १/४०००.

"काल रात्री कुठे गेला होतास?"

"सराफ्यात. का?"

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र, ठीकच होतं. आदल्या रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (कंदाचा प्रकार) तळणाऱ्याचे फोटो काढताना त्याने आयएसओ ४०० ठेवला होता आणि ॲपर्चर पूर्ण उघडं. दुकानांच्या दिव्यांत ते अगदी बरोबर होतं. सकाळी तोच कॅमेरा, तीच सेटिंग घेऊन गडी राजवाड्यावर. ॲपर्चर त्याने ठरवलेलं, आयएसओ त्याने ठरवलेला, कॅमेऱ्याच्या हातात उरलं फक्त शटर. कॅमेऱ्याने बिचाऱ्याने शटर पळवलं, पळवलं, आणि १/४००० ला भिंत लागली. याहून वेगात ते शटर चालतच नाही. तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये तो आकडा लुकलुकतो. "मालक, माझ्याकडून एवढंच होतंय" असं तो सांगत असतो. भाच्याला वाटलं, लुकलुकतंय म्हणजे फोकस झाला.

हिशोब बघा, कारण नव्या माणसाला हा एकदा कळला की निम्मी दुखणी जातात. फिल्मच्या काळापासूनचा एक नियम आहे, सनी सिक्स्टीन. लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर एफ/१६ आणि शटर साधारण १ भागिले आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० ला एफ/१६, १/१००. तिथून ॲपर्चर एकेक पायरी उघडत जा आणि दर पायरीला शटर दुप्पट वेगाने करा. एफ/११ ला १/२००, एफ/८ ला १/४००, एफ/५.६ ला १/८००, एफ/४ ला १/१६००, एफ/२.८ ला १/३२००. एफ/१.८ ला जवळजवळ १/८०००. हे सगळं आयएसओ १०० ला. भाच्याचा आयएसओ ४००, म्हणजे चौपट, म्हणून त्याला लागणार होतं १/३२०००. कॅमेरा थांबला १/४००० ला. हवा त्याच्या आठपट प्रकाश आत गेला. तीन स्टॉप, कारण एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

गंमत म्हणजे पंचवीस-तीस फोटो छान आले होते, आणि त्यामुळेच त्याला मीटरचा संशय आला होता. "हे बघ, हे बरोबर आलेत, म्हणजे मधेमधे बिघडतंय." ते सगळे गल्लीतले होते, घरांच्या सावलीतले. उघड्या आकाशाखालच्या सावलीत उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप प्रकाश कमी असतो. कॅमेरा कुठेच बिघडत नव्हता, तो फक्त जिथे जमलं तिथे जमवत होता.

तेव्हा पहिली गोष्ट: घरातून निघताना चपला घालतो तसं आयएसओ बघायचा. उन्हात १००. ॲपर्चर एफ/८ ला आणून ठेवा. गर्दीत फोकसही जरा सैल चालतो. ज्यांना उन्हात एफ/१.८ वरच फोटो हवाय, मागचं सगळं विरघळलेलं, त्यांनी एनडी फिल्टर घ्यावा. लेन्सला गॉगल, दुसरं काही नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या नादी लागू नका, असं माझं मत. विरघळवण्याची हौस नंतर भागवता येते.

इथपर्यंत सोपं होतं. पण आयएसओ, ॲपर्चर सगळं जागेवर असूनही फोटो ओव्हर होतो, म्हणजे प्रकाश जास्त होऊन पांढरा पडतो, आणि तिथे नवी मुलं खरी गोंधळतात. "आत्या, मीटर बरोबर मधोमध होतं!" असणारच.

यावर मी दुकानात एक प्रयोग करून दाखवते. काउंटरखाली माझी काळी छत्री असते आणि पासपोर्ट फोटोच्या कोपऱ्यात पांढरा टॉवेल असतो. दोन्ही बाहेर पायरीवर, सारख्या उन्हात पसरायचे. कॅमेरा ऑटोवर ठेवून आधी फक्त छत्रीचा फोटो, चौकटीत दुसरं काही नको. मग फक्त टॉवेलचा. आता दोन्ही फोटो शेजारी लावून बघा. छत्री राखाडी. टॉवेलही राखाडी. छत्री विटल्यासारखी, टॉवेल महिनाभर न धुतल्यासारखा. भाच्याने दोनदा काढून बघितले, कारण त्याला पटेना.

कॅमेऱ्याच्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही. त्याला शिकवलंय एवढंच, की जगाची सरासरी मधल्या करड्या रंगाची असते, तेव्हा समोर येईल ते त्या करड्यावर आणून ठेवायचं. हा करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत फेकणारा. हल्लीचे कॅमेरे चेहरे ओळखतात, आणखीही हुशाऱ्या करतात, पण मूळ खोड तीच. समोर काळं जास्त असलं की ते प्रकाश वाढवतं, पांढरं जास्त असलं की कमी करतं. आता राजवाड्याच्या काळपट लाकडासमोर पांढऱ्या कुडत्यातला माणूस उभा करा. चौकटीचा मोठा भाग काळपट. मीटर म्हणतं, अंधार आहे, प्रकाश वाढवा. लाकूड छान दिसतं, माणूस उडतो, म्हणजे नुसता पांढरा होतो.

हे मला कसं कळलं ते सांगते. सांगायला आजही लाज वाटते.

२००६ सालची गोष्ट. लॅब सुटलेली, नवा डिजिटल कॅमेरा कर्ज काढून घेतलेला, आणि पहिलं मोठं काम मिळालं ते एका मुंजीचं. जुना वाडा, मे महिना. सकाळचे विधी आतल्या ओटीवर झाले, ते बरे आले. मग भिक्षावळ. दुपारचे बारा वाजून गेलेले. बटू चौकात उन्हाच्या तुकड्यात उभा. नुकताच केलेला गोटा, मागे शेंडी, हातात दंड, कमरेला पांढरं धोतर. त्याच्या मागे वाड्याचे तेल पिऊन काळे झालेले खांब, सावलीत. आत्या, माम्या, काकू एकेक येऊन झोळीत घालताहेत. मी खटाखट काढतेय.

आणि मी त्यावर आणखी एक पाऊल पुढे गेले होते. नऊ वर्षं निगेटिव्हबरोबर काढली होती ना. निगेटिव्हचा स्वभाव असा, की प्रकाश जास्त झाला तर ती रागावत नाही. घट्ट होते, गडद होते, पण प्रिंटरवर दोन-तीन स्टॉप सहज सांभाळून घेता येतं. प्रकाश कमी पडला तर मात्र ती पातळ येते आणि प्रिंट चिखलासारखा. म्हणून लॅबमध्ये आम्ही प्रत्येक नव्या फोटोग्राफरला सांगायचो, "शंका आली तर एक स्टॉप जास्त दे." मी स्वतः ४०० ची फिल्म २०० समजून वापरायची. ती सवय घेऊन मी डिजिटलवर आले. कॅमेऱ्यावर प्लस एक लावून ठेवलं होतं, म्हणजे मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त. मीटर खांबांकडे बघून आधीच प्रकाश वाढवत होतं, वर माझा प्लस एक.

डिजिटलचा स्वभाव निगेटिव्हच्या अगदी उलटा आहे. तो स्लाइड फिल्मसारखा, जास्तीचा प्रकाश न सोसणारा. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागची चिप; तिच्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे पावसात ठेवलेली वाटी समजा. भरेपर्यंत मोजता येते. भरली, वाहू लागली, की त्यापुढे किती पडलं ते वाटीला सांगता येत नाही. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, त्या वाटीचा आकडा २५५ आणि बस. आजूबाजूच्या सगळ्या वाट्या २५५. फरकच नाही, तर चित्र कशाचं?

संध्याकाळी घरी संगणकावर उघडले. बटूचा गोटा नव्हता. म्हणजे भुवयांच्या वर कपाळ सुरू व्हायचं, ते वर जाताजाता आधी पिवळट व्हायचं आणि मग नुसतं पांढरं. धोतराला चुण्या नाहीत. खांद्यावरचं जानवं नाही. मुंजीच्या फोटोत जानवं नाही! त्या वेळचं कार्ड ५१२ एमबीचं, त्यात रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या, मोठ्या फाइली मावत नाहीत म्हणून सगळं जेपेग. दोन दिवस मी तो 'डार्क' करत बसले. पांढऱ्याचा करडा झाला. गोट्याऐवजी आता राख फासलेला वर्तुळाकार भाग दिसत होता. बटूच्या आजींनी प्रिंट हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "अगं, फोटो छान आहे, पण नातवाचं डोकं कुठे गेलं?"

ॲडव्हान्स परत केला. त्यांनी निम्मे परत माझ्या हातात कोंबले, त्याने जास्त लाज वाटली.

कपाळ पांढरं होण्याआधी पिवळट का होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. आपल्या त्वचेत लाल जास्त असतो. प्रकाश वाढत गेला की आधी लालची वाटी भरते, हिरव्या-निळ्याच्या मागाहून भरत राहतात. लाल अडला आणि हिरवा वाढत राहिला की रंग पिवळ्याकडे झुकतो. तिन्ही भरल्या की पांढरं. म्हणून फोटोत कुणाच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पिवळसर डाग दिसला तर समजायचं, घंटा वाजलीय, अजून थोडं आणि गेलं. हीच गोष्ट गुलालाची आणि झेंडूची. भाच्याच्या सावलीतल्या चांगल्या फोटोंमध्येही गुलालाचा ढग बघितला तर नुसता लाल गोळा होता, त्यात कण नाहीत, धूर नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, पुढे सांगते) बघितला होता म्हणाला, सगळं आत होतं. तो पांढरा, एकत्र हिस्टोग्राम बघत होता. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा दाखवायची सोय असते, ती लावून घ्या. गेर, हळद, दसऱ्याची झेंडूची रास, लाल शालू, या सगळ्यांत लाल आधी उजव्या भिंतीला जाऊन आदळतो.

हिस्टोग्राम म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि डोंगर जिथे उंच तिथे तेवढे ठिपके जास्त. डोंगर उजव्या भिंतीला टेकून उभा असेल तर तिथलं काहीतरी उडालंय. तेही जड वाटत असेल तर मेनूत हायलाइट अलर्ट शोधा. उडालेला भाग मागच्या पडद्यावर काळा-पांढरा लुकलुकतो.   लुकलुकला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मघाचं प्लस-मायनस) मायनसकडे, एक तृतीयांशाच्या दोन पायऱ्या, परत काढा, परत बघा. आणि उन्हात पडद्यावरच्या चित्रावर मुळीच विश्वास ठेवू नका. उन्हात पडदा फिका दिसतो, म्हणून तुम्हाला चांगलं एक्स्पोजरही काळं वाटतं आणि तुम्ही वाढवता. पडद्याचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर आणखी घोळ. आकडे आणि डोंगर खोटं बोलत नाहीत.

सगळं लुकलुकणं थांबवायचा हट्टही नको. पितळेच्या तांब्यावरची उन्हाची तिरीप, गाडीच्या काचेवरचा सूर्य, पाण्यावरची चमक, हे उडणारच, उडालेलंच बरं दिसतं. जानवं उडता कामा नये. बटण दाबायच्या आधी स्वतःला विचारा, या फोटोतलं कोणतं उजळ मला हवंय? मीटर त्याच्यावर लावा. स्पॉट मीटरिंग (चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणारं) असेल तर थेट पांढऱ्या कुडत्यावर स्पॉट ठेवा आणि प्लस दीड ते दोन द्या, कारण मीटर त्याला करडा करू बघेल आणि आपल्याला तो पांढराच हवाय. निकॉनच्या बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत हायलाइट-वेटेड मीटरिंग म्हणून एक प्रकार असतो, तो हेच काम आपण होऊन करतो.

मग बाकीचं काळं होईल त्याचं काय? होऊ द्या. सावलीत दडलेलं बऱ्यापैकी वर काढता येतं, थोडे दाणे दिसतील. उडालेलं वर काढता येत नाही, कारण वर काढायला खाली काही नसतंच.

आता "काळं करून द्या" वाल्यांसाठी. काय वाचतं आणि काय नाही, हे फाइल कोणती आहे त्यावर असतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. शिवाय कॅमेरा जेपेग बनवताना वरचं थोडं छाटतो, ते रॉमध्ये शिल्लक असतं. माझ्या अनुभवात एखादा स्टॉप परत मिळतो, कधी थोडा जास्त. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम असो की फुकटातलं डार्कटेबल, क्रम माझा ठरलेला: आधी एक्स्पोजर थोडं खाली, मग हायलाइट्स खाली ओढायचं, मग व्हाइट्स एकदम थोडं परत वर. हे शेवटचं बरेच जण विसरतात, आणि मग लग्नाच्या फोटोत सगळ्यांनी जुनी धोतरं नेसल्यासारखी दिसतात. पांढरं पांढरं वाटलं पाहिजे, नुसतं भरलेलं नको.

भाच्याचे फोटो जेपेग होते. तीन स्टॉप वर. त्यातले दोनशेच्या आसपास मी त्याच्यासमोर डिलीट केले, हळहळ न करता. उरलेल्यांपैकी एकदोन कृष्णधवल करून वाचले, कारण चेहऱ्यावरचे पिवळे डाग रंगाबरोबर गेले आणि पांढऱ्या धुरळ्यातून काळे केस आणि उघडे दात तेवढे दिसत राहिले. गेरचा फोटो कृष्णधवल! म्हणजे पुरणपोळी बिनगुळाची. पण त्याला आवडले.

प्रिंट काढणाऱ्या बाईचं एक गाऱ्हाणं इथेच घालते. पडद्यावर पांढरा भाग उजेडाने चमकतो म्हणून खपून जातो. कागदावर तिथे शाईच पडत नाही. चकचकीत कागदावरचा पिगमेंट शाईचा प्रिंट खिडकीपाशी तिरका धरा, उडालेला भाग भोकासारखा वेगळा दिसतो, आजूबाजूला शाईची झिलई आणि मधे नुसता कागद. ग्राहक पैसे फोटोचे देतो आणि घरी कोरा कागद घेऊन जातो. मग परत मलाच विचारतो, "दीदी, इधर प्रिंट नहीं हुआ क्या?"

आणखी एक, ज्याला कोणतंच बटण उपयोगी नाही. उन्हाची दिशा. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली, ते उज्जैनच्या थोडं वरून जातं. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. एप्रिल-मेची दुपारही काही वेगळी नाही. अशा वेळी एक्स्पोजर अगदी अचूक असलं तरी कपाळ चमकतं, डोळ्यांच्या जागी खोबण्या, नाकाखाली काळी मिशी. नवरीलासुद्धा. उपाय फोटोशॉपमध्ये नाही, दहा पावलांवर आहे. माणसाला ओसरीच्या, कमानीच्या, झाडाच्या सावलीच्या कडेला आणा, तोंड बाहेर उजेडाकडे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर (होळकरांच्या दगडी समाध्या) मी नव्या मुलांना याचसाठी नेते. कमानीच्या आत एक पाऊल, आणि चेहऱ्यावर मऊ उजेड. बाहेर ऊन भाजून काढत असतं आणि आत चेहरा लोण्यासारखा. फक्त मागे उन्हातला घाट चौकटीत येऊ देऊ नका, नाहीतर तो उडेल. मागे दगडी भिंत घ्या. उन्हातच उभं करायची वेळ आली तर पाठ सूर्याकडे करा आणि समोरून थर्माकोलची मोठी पाटी कुणाला तरी धरायला लावा. पाटी नसेल तर पांढरी चादर. ती धरायला मुंजीत एखादा रिकामटेकडा चुलतभाऊ मिळतोच.

मोबाइलवाल्यांनो, तुमचं सोपं आहे. पडद्यावर उजळ भागाला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. बोट दाबून धरलंत तर तो उजेड कुलूपबंद होतो, मग गर्दी इकडची तिकडे झाली तरी फोटो पांढरा होत नाही. आणि लेन्स पुसा. खिशातल्या तेलकट काचेवर ऊन पडलं की सगळ्या फोटोवर दुधाचा पडदा येतो, लोक त्यालाच ओव्हर समजतात.

भाच्याने शेवटी मला एक फोटो मोठ्या अभिमानाने दाखवला. राजवाड्यावरचं उडालेलं पांढरं आकाश काढून ॲपने तिथे ढग बसवले होते, पावसाळ्याचे, मार्चमध्ये. खाली माणसांच्या सावल्या कडक आणि वर काळे मेघ. म्हटलं, शाबास, पण हे करणारा तू पहिला नाहीस. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार हळव्या असायच्या. जमीन-इमारत नीट येईपर्यंत निळं आकाश कधीच उडून गेलेलं असायचं. म्हणून त्या काळचे कित्येक छायाचित्रकार ढगांची वेगळी प्लेट काढून ठेवायचे आणि प्रिंट करताना वर जोडायचे. जुन्या फोटोंत पांढरं सपाट आकाश दिसतं ते फोटोग्राफरला काही येत नव्हतं म्हणून नाही.

आणि आपल्या इंदूरला तर या विषयात बोलायचा हक्क आहे. लाला दीनदयाळ, पुढे हैदराबादला सहाव्या निजामाचे छायाचित्रकार होऊन 'राजा' झाले ते, इथेच बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला होते. १८७० च्या दशकात कॅमेरा हातात घेतला तोही इंदुरात असतानाच. तेव्हा ना हिस्टोग्राम, ना लुकलुकणारा पडदा. प्लेट धुवून बाहेर येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. त्यांच्या इमारतींच्या फोटोंत दगडाची प्रत्येक ओळ मोजता येते. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभं राहून कॅमेरा वर करताना मला हे नेहमी आठवतं, आणि मग मी मायनस एक लावते.

भाच्याला हे सगळं मी दोन रविवार समजावलं. छत्री, टॉवेल, हिस्टोग्राम, चादर. तो वहीत लिहून घेत होता, चक्क आकृत्या काढून. मग परवा एकटाच सकाळी सहाला कृष्णपुऱ्याला गेला, कोवळ्या उन्हात, कबुतरं वगैरे. दहाच्या सुमाराला दुकानात आला, कार्ड काउंटरवर ठेवलं आणि काही बोलेना.

पहिला फोटो: आयएसओ १००, एफ/८, कॉम्पेन्सेशन मायनस दोन. दुसरा: मायनस दोन. दहावा: मायनस दोन.

"आत्या," म्हणाला, "हे जरा उजळ करून देशील?"